किल्ल्यावर पाणी कुठे आहे?

दिवाळीची सुट्टी लागली की मुलांचे हात मातीत जातात. वाशी-नेरुळच्या सोसायट्यांत माती मिळवणे हल्ली तसे सोपे राहिलेले नाही. ती कोणाच्या कुंडीतून मागून आणावी लागते, नाहीतर बांधकामावरच्या मुकादमाची मनधरणी करावी लागते. तरीही जिन्याखालच्या कोपऱ्यात चार विटा, एक गोणपाट आणि चिखल यांतून एखादा रायगड, एखादा प्रतापगड उभा राहतोच. त्याच्या उतारावर हळीव उगवतात, दरवाजावर मावळे पहारा करतात, वर महाराज विराजमान होतात. आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक काका-मावशीला हाताला धरून तो दाखवण्याचा कार्यक्रम सुरू होतो.

वाचकहो, यंदा अशा किल्ल्यापुढे तुम्हांला उभे केले गेले, तर 'वा! छान!' एवढेच म्हणून पुढे जाऊ नका. एक प्रश्न विचारा. म्हणावे, 'अरे, सगळे आहे. पण किल्ल्यावर पाणी कुठे आहे?'

प्रश्न पोरकट नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दुर्गांचे प्रकरण आहे. गड बांधावयाचा तर आधी तेथे पाणी आहे की नाही ते पाहावे. पाणी नसेल आणि जागा तर सोडण्याजोगी नसेल, तर खडक फोडून पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरतील अशी तळी-टाकी बांधावीत. आणि एखादा झरा आहे म्हणून तेवढ्यावरच निश्चिंत राहू नये, असे त्यात बजावले आहे. रायगडावरचा गंगासागर तलाव काय, किंवा शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी काय, त्या दूरदृष्टीच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. तटबंदी पडली तरी गड काही दिवस टिकतो. पाणी संपले की त्याच दिवशी पडतो.

मुलांना हे पटते. मग ती धावत जाऊन एखादी वाटी आणतात, मातीत पुरतात आणि पाण्याने भरतात. आता दुसरा प्रश्न विचारावयास हरकत नाही: 'आणि आपल्या किल्ल्यावर? आपल्या या सात मजल्यांच्या, तीन विंगांच्या गडावर पाणी कुठून येते?'

दोन वाशी

या प्रश्नाला बहुतेक मुले 'गच्चीवरच्या टाकीतून' असे उत्तर देतात, आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळ मोठ्या माणसांचेही ज्ञान त्या टाकीच्या वर चढत नाही. म्हणून थोडक्यात सांगतो.

नवी मुंबई हे आखून-रेखून वसवलेले शहर. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडच्या शेतांवर, मिठागरांवर, आगरी-कोळ्यांच्या गावांभोवती एकेक उपनगर उभे राहू लागले. १९९२ पासून शहराचा कारभार महापालिका पाहू लागली. या महापालिकेची एक मोठी अभिमानाची गोष्ट म्हणजे तिचे स्वतःच्या मालकीचे धरण. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर मोरबे येथे ते आहे. डोंगरात पडलेला पाऊस तेथे अडतो, भोकरपाड्याला शुद्ध होतो आणि नळांतून वाशी-नेरुळ-बेलापूरला येतो. खारघर-उलव्याकडच्या वस्तीला सिडको पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी पुरवते. म्हणजे आपण राहतो खाडीकाठी, पण पितो ते रायगड जिल्ह्याच्या डोंगरातले पाणी.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. मोरब्याच्या धरणासाठी गावे आणि वाड्या उठल्या. त्या लोकांच्या पुनर्वसनाच्या मागण्या पुढे कित्येक वर्षे चालू राहिल्या. आणि पेणची हकीकत तर अधिकच चमत्कारिक आहे. पेण आपल्याला माहीत असते ते गणपतीच्या मूर्तींमुळे. पण त्याच पेण तालुक्यात खाडीच्या बाजूला खारेपाट नावाचा सपाट पट्टा आहे. जमीन खारी, विहीर खणली तर पाणी मचूळ. डोंगरात हेटवण्याचे धरण भरलेले असते, आणि खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ही तक्रार आजकालची नव्हे. मोर्चे आणि निवेदने होत होत तिला बरीच वर्षे लोटली आहेत. मौजेची म्हणावी की दुःखाची, कळत नाही, पण त्या खारेपाटातल्या एका गावाचे नावही वाशीच आहे.

दोन वाशी. एका वाशीत स्टेशन, बाजार समिती आणि मोठमोठी दुकाने. दुसऱ्या वाशीत उन्हाळा आला की हंडे रांगेला लागलेले. जिल्हे दोन असले तरी मध्ये अंतर मोटारीने दोन तासांचेही नाही.

सत्तर डॉलरची विहीर

हे ऐकले की मुलांच्या मनात एक गोष्ट चटकन येते, कारण मुलांचे मन अजून आपल्यासारखे निबर झालेले नसते. ती म्हणतात, 'आपण पैसे जमवू या आणि त्यांना पाणी देऊ या.' आईबाप हसतात. 'तुमच्या डब्यातल्या चिल्लरीने काय होणार?' असे म्हणून विषय संपवतात.

काय होणार, ते एका मुलाने करून दाखवले आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात केम्प्टव्हिल नावाचे लहानसे गाव आहे. तेथे रायन ह्रेल्याक नावाचा मुलगा पहिलीत शिकत होता. १९९८ च्या जानेवारीत त्याच्या बाईंनी वर्गात सांगितले की आफ्रिकेत कित्येक मुलांना स्वच्छ पाण्यासाठी मैलोगणती चालावे लागते. सत्तर डॉलरमध्ये विहीर होते, असे या सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात बसले. त्याने घरी पैसे मागितले. आईबापांनी सरळ दिले नाहीत. जादा कामे कर आणि मिळव, म्हणाले. तेव्हा पोराने घर झाडले, खिडक्या पुसल्या आणि चार महिन्यांत सत्तर डॉलर जमवले.

पैसे घेऊन तो पाण्याचे काम करणाऱ्या संस्थेकडे गेला, तेव्हा त्याला कळले की सत्तर डॉलरमध्ये फक्त हातपंप येतो. जमिनीत छिद्र पाडून विहीर करावयाची तर दोन हजार डॉलर लागतील. मोठा माणूस असता तर येथेच निरुत्साही झाला असता. रायनने ठरवले की मग आणखी कामे करावी लागतील. शेजारी, शाळा, गाव एकेक करून त्याच्या मदतीला आले. आणि १९९९ साली युगांडाच्या उत्तर भागात अंगोलो येथील प्राथमिक शाळेपाशी त्याची विहीर झाली. पुढच्या वर्षी तो स्वतः ती पाहून आला. २००१ साली त्याच्या नावाने निघालेली संस्था पुढे कित्येक देशांत पाण्याची कामे करीत राहिली.

या गोष्टीतला सत्तरचा आकडा लोक विसरत नाहीत. आमच्या मते लक्षात ठेवण्यासारखा आकडा दोन हजारांचा आहे. चांगल्या कामाची खरी किंमत आपल्या अंदाजाहून मोठी असते, हे त्या मुलाला कोणी लपवून ठेवले नाही. आणि कळल्यावर त्याने पाठ फिरवली नाही.

सोलापूरचा पंप

हातपंपाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. खेड्यापाड्यांत विंधनविहिरी घेण्यास आपल्याकडे जोरात सुरुवात झाली ती दुष्काळांच्या निमित्ताने. छिद्रे पडली, पंप बसले, फोटो निघाले. आणि थोड्याच दिवसांत पंप बंद पडू लागले. कारण काय? ते बिडाचे पंप परदेशी नमुन्यावर केलेले होते. तिकडे असा पंप एका शेतकरी कुटुंबाच्या अंगणात असावयाचा, दिवसातून दहा-वीस वेळा हलवला जावयाचा. आपल्याकडे त्याच्यावर सारा गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत लोंबकळू लागला. बिचारा किती दिवस टिकणार?

या दुखण्यावर औषध शोधले ते आपल्या मराठी मुलुखात. जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या लोकांनी व तेथल्या कारागिरांनी पंपात सुधारणा करीत करीत तो पोलादी आणि दणकट केला. १९७० च्या दशकात सरकार आणि युनिसेफ यांनी चांगल्या पंपाचा शोध सुरू केला, तेव्हा हा 'सोलापूर पंप' पायाभूत धरूनच 'इंडिया मार्क-टू' तयार झाला. गावोगावी शाळेसमोर, देवळापाशी जो लांब दांड्याचा पंप तुम्ही पाहता, तो हाच. तो पुढे साता समुद्रापार गेला. युगांडात प्रमाण म्हणून रूढ झालेला 'यू-टू' हा पंप आपल्या मार्क-टूचाच भाऊबंद आहे. कॅनडातल्या मुलाचे पैसे, युगांडातली जमीन आणि सोलापूरच्या कारागिरांची अक्कल. जगाच्या उपयोगी पडणाऱ्या गोष्टी अशा दूरदूरहून येऊन एकत्र होतात.

परंतु मुद्दा निराळाच आहे. विहीर करणे हे एका दिवसाचे काम. ती चालू ठेवणे हे रोजचे. पंपाचा एक वॉशर झिजला आणि तो बदलणारे कोणी नसले, तर लाखाची विहीर आणि कोरडा खड्डा यांत फरक राहत नाही. म्हणूनच पुढे 'मार्क-थ्री' निघाला, ज्याची दुरुस्ती सगळे पाइप वर न काढता गावातल्या माणसांना करता यावी.

दान नव्हे, देणे

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मुलांनी पैसे जमवावेत का? जरूर जमवावेत. पण कोणत्या भावनेने, हे मोठ्यांनी त्यांना आधी सांगावयास हवे.

आपण 'दूरच्या गरीब लोकांना मदत' असे म्हणतो, तेव्हा मुलाच्या मनात नकळत एक चित्र उभे राहते: आपण वर, ते खाली, आपला हात देणारा, त्यांचा घेणारा. नवी मुंबईच्या मुलापुरते तरी हे चित्र उलटे आहे. डोंगर त्यांचे, पाऊस त्यांच्या अंगणातला, जमीन त्यांची बुडालेली. पाणी मात्र आपल्या नळाला. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी नियोजनाचे प्रमाण आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी जे प्रमाण धरले, ते ५५ लिटरचे. पंधरा लिटरचा एक हंडा धरला, तर चार हंडेसुद्धा पुरते भरत नाहीत. आणि तेवढेही ज्या वाडीला चैत्र-वैशाखात मिळत नाही, तिच्या बाबतीत आपण देणेकरी आहोत, दाते नव्हे. दुकानदाराची उधारी चुकती करताना कोणी हार घालून घेत नाही. तसेच हे.

आणि 'दूर' म्हणजे तरी काय? त्याच रायगड जिल्ह्यात महाड आहे. तेथले चवदार तळे गावातच होते, पण कित्येकांना ते शेकडो कोस दूर ठेवलेले होते. ते अंतर तोडण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तेथवर चालत जावे लागले. पाणी ही कोणाच्या मेहेरबानीची वस्तू नाही, हे महाडने एकदाच आणि कायमचे सांगितले. मुलांच्या हाती डबा देताना ही गोष्ट त्यांच्या कानावर घातली, तर तो डबा भिक्षेचा राहणार नाही.

थोडे गणित

भावना झाली, आता व्यवहार. मुलांना गणित घालावे ते असे.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. एखाद्या वाडीवरच्या शाळेचे छप्पर १०० चौरस मीटरचे आहे. तर त्यावर वर्षात किती पाणी पडते? तीन लाख लिटर! आणि तीच शाळा एप्रिलमध्ये तहानलेली. पाऊस पुष्कळ आहे. ठेवावयास भांडे नाही.

म्हणून दुसरे गणित. शाळेत पन्नास मुले आहेत. प्रत्येकाला पिण्यापुरते तीन लिटर धरले, तर दिवसाला १५० लिटर झाले. दहा हजार लिटरची झाकलेली टाकी असेल, तर ती किती दिवस पुरेल? सहासष्ट दिवस. म्हणजे एक एप्रिलला तोटी उघडली, तर मृगाचा पाऊस तोंडावर येईपर्यंत. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, तेव्हा ते पाणी वाडीच्याच कामी येईल. आणि ही टाकी भरण्यास पाऊस किती लागेल? शंभर मिलिमीटर. आषाढातली एक-दोन दिवसांची संततधार पुरे. अमात्यांनी गडासाठी सांगितलेले टाके ते हेच. फक्त खडकाऐवजी विटा-सिमेंटचे.

अर्थात, पहिल्या पावसाचे छपरावरचे मळके पाणी सोडून द्यावे लागते, पन्हळीला जाळी लागते, टाकी उजेड आणि डास आत न जाईल अशी बंद लागते. आणि दिसावयास नितळ ते स्वच्छ असतेच असे नाही. पाण्यात टीसीएल पावडर योग्य प्रमाणात पडते की नाही, हे पाहण्याचे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असते. पाणी तपासावयाची एक लहानशी बाटलीही मिळते. तिच्यात भरून ठेवलेले पाणी काळे पडले, तर ते दूषित समजावे. शाळेच्या मुलांना हा प्रयोग जादूसारखा वाटतो, आणि एकदा पाहिला की ती आयुष्यभर विसरत नाहीत.

डब्याचे नियम

विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा मागत गावोगाव फिरून 'पैसा फंड' उभारला. लोक हसले असतील. पण त्याच पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. थेंबे थेंबे तळे साचते, हे आपण मुलांना पाटीवर लिहावयास देतो. येथे ते खरे झालेले आहे. मात्र लोकांनी पैसा दिला तो मागणाऱ्यावर विश्वास होता म्हणून. तेव्हा डब्यालाही काही नियम हवेत.

पहिला नियम: पैसा मुलांच्या मेहनतीचा असावा. बाबांच्या खिशातली पाचशेची नोट डब्यात टाकण्यात मुलाचे काही जात नाही आणि त्याला काही मिळतही नाही. घराघरांतली रद्दी गोळा करून विकावी, आकाशकंदील करावेत, उटण्याच्या पुड्या बांधाव्यात, किल्ल्यापाशी डबा ठेवून येणाऱ्यांना किल्ल्याची माहिती सांगावी.

दुसरा: लहान मुलांनी एकटेदुकटे अनोळखी दारे ठोठावू नयेत. सोसायटीतलीच घरे पुष्कळ आहेत, आणि बरोबर एखादी ताई-दादा असावे.

तिसरा: जमा-खर्चाची वही मुलांनीच लिहावी आणि ती जिन्याच्या फलकावर लावावी. दहा रुपये देणाऱ्या आजींचे नावही तीत यावे.

चौथा: देण्यापूर्वी विचारावे. वाडीला टाकी हवी आहे, की पंपाची दुरुस्ती, की नुसती झऱ्याभोवती भिंत, हे वाडीच्या बायकांना ठाऊक असते, आपल्याला नसते. म्हणून त्यांना, तेथल्या गुरुजींना आणि ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय एक वीटही नेऊ नये. नळयोजना ही सरकारची जबाबदारी आहे; मुलांच्या डब्यामुळे ती कोणाच्या डोक्यावरून उतरत नाही. उलट, योजना कुठे अडली आहे हे विचारणारे एक साधे पत्र मोठ्या मुलांनी जिल्हा परिषदेला लिहिले, तर नागरिकशास्त्राचा तो खरा धडा होईल.

आणि पाचवा, सगळ्यांत अवघड: जमलेल्या पैशांतले थोडे शिल्लक ठेवावे. वॉशरसाठी, तोटीसाठी, टाकीच्या सफाईसाठी. उद्घाटनाला सारेच येतात. दुसऱ्या वर्षी विचारपूस करावयास जो जातो, तो खरा पाहुणा. तेव्हा फाल्गुनात एक रविवार काढून मुलांना घेऊन तेथे जा. फोटो काढण्यासाठी नव्हे. तोटीला पाणी येते का, टाकी किती भरलेली आहे, बाटलीतले पाणी काळे पडले का, एवढे पाहून वहीत टिपून आणावयाचे. तेथली मुले तुमच्या मुलांना पळसाची झाडे दाखवतील, पोहावयाचा डोह दाखवतील आणि खेळात हरवतीलही.

दिवाळीची सुट्टी मोजक्या दिवसांची असते. तेवढ्यात डबा किती भरेल, हे आम्ही सांगू शकत नाही. पुष्कळदा तो अंदाजाहून कमीच भरतो. काम मोठे निघाले आणि पैसे थोडे जमले, तर मुलांना सत्तर आणि दोन हजार डॉलरची गोष्ट पुन्हा सांगा, आणि डबा उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत फडताळात वर ठेवून द्या. वही मात्र खाली, मुलांच्या हाताशी असू द्या.